भट्टीला काय चालतं?

मूठभर उचललं तर हाताला वजन जाणवत नाही. बिस्किटांच्या पुड्यांचे चंदेरी तुकडे, साडीच्या काठाचे दोरे, थर्माकोलचे मणी, दुधाच्या पिशवीचा कोपरा, चपलेच्या तळाचा रबर, पुठ्ठ्याच्या चिंध्या, मध्येच नारळाची शेंडी. यंत्राने कातरून सगळ्याचे बोटाएवढे तुकडे केलेले असतात. आंबूस वास मात्र जात नाही. सिमेंट कारखान्यांत आणि महापालिकांत याला आरडीएफ म्हणतात. भंगारवाला घेत नाही, खत होत नाही, असं घरातलं जे काही उरतं ते निवडून, वाळवून, कातरून केलेलं हे इंधन. दगडी कोळशाच्या जागी ते सिमेंटच्या भट्टीत जातं.

गोव्यात असं इंधन तयार होतं, पण ते जाळायला तिथे सिमेंटची एकही भट्टी नाही. साळगावच्या पठारावर जिथे पूर्वी कळंगुट-साळगावचा कचरा उघड्यावर पडायचा, तिथे मे २०१६ मध्ये कचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीची क्षमता रोजची १०० टन होती, पुढे ती २५० टनांवर गेली. ओला भाग टाक्यांत कुजवून गॅस आणि त्यापासून वीज काढायची, काच आणि धातू वेगळे करायचे, बाकी उरलेल्याचे गठ्ठे बांधायचे, अशी तिथली पद्धत. ते गठ्ठे ट्रकवर चढतात, घाट चढतात आणि कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जातात. समुद्रकिनाऱ्यावर फोडलेला वेफर्सचा पुडा असा काही शे किलोमीटर आत, चुनखडीच्या प्रदेशात जाऊन जळतो.

एवढ्या लांब नेऊन सिमेंटच्याच भट्टीत का जाळायचं, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर भट्टीच्या पोटात आहे.

सिमेंटची भट्टी म्हणजे साठ-सत्तर मीटर लांब, चार-पाच मीटर व्यासाचा, किंचित उतरता ठेवलेला पोलादी नळा. आतून अग्निरोधक विटांचं अस्तर. तो सतत स्वतःभोवती फिरत असतो. वरच्या टोकाला उंच मनोरा असतो, त्याला प्रीहीटर म्हणतात. दळलेली चुनखडी आणि माती मनोऱ्यातून खाली येताना वर जाणाऱ्या गरम वायूंतून तापत येते. मनोऱ्याच्या तळाशी, कॅल्सायनरमध्ये, साधारण ८५० ते ९०० अंशांना चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड सुटून चुना उरतो. मग तो माल नळ्यात शिरतो, घरंगळत पुढे सरकतो आणि खालच्या टोकाच्या ज्वाळेजवळ १४५० अंशांना अर्धवट वितळून त्याचे काळपट खडे होतात. हेच क्लिंकर. ते जिप्समसोबत दळलं की सिमेंट. ज्वाळेचं तापमान २००० अंशांच्या घरात असतं.

कचरा जाळण्याच्या साध्या भट्टीत आणि इथे मोठा फरक आहे. साध्या भट्टीत जाळून झालं की राख उरते, आणि ती राख कुठे टाकायची हा नवा प्रश्न उभा राहतो. सिमेंटच्या भट्टीत राख वेगळी उरतच नाही. राखेतले सिलिका, ॲल्युमिना, लोह, चुना हेच सिमेंटचे घटक असल्याने ती क्लिंकरमध्ये मिसळून जाते. आम्लधर्मी वायू सुटले तर आत चुन्याचा मारा असतो, तो त्यांना बऱ्याच अंशी धरून ठेवतो. तापमान इतकं आणि वायू आत राहण्याचा वेळ इतका की विषारी सेंद्रिय रेणू टिकत नाहीत. म्हणून जगभर टायर, रंगांचा गाळ, कालबाह्य औषधं, वापरलेली तेलं सिमेंटच्या भट्ट्यांत जातात. जर्मनीत सिमेंट उद्योगाची सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता आज अशा पर्यायी इंधनांतून येते. भारत चीनखालोखाल जगातला दुसरा मोठा सिमेंट उत्पादक, पण आपलं प्रमाण अजून एक आकडी टक्क्यांतच घोटाळतं आहे.

हा आकडा सभा-परिषदांमधून वारंवार ऐकवला जातो आणि दोष कधी कारखान्यांना, कधी नगरपालिकांना दिला जातो. माझ्या मते दोषाचं मूळ त्याहून बरंच आधी, स्वयंपाकघरात आहे. जर्मनीने प्रक्रिया न केलेला कचरा जमिनीत पुरायला १ जून २००५ पासून बंदी घातली, पण त्याआधी कित्येक वर्षं तिथल्या घरांत ओला आणि सुका कचरा वेगळा होत होता. आपण भट्टीचं तंत्र घेतलं आणि डब्यांचं राहिलं.

ओलावा काय करतो ते हिशेबाने पाहू. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये या इंधनाच्या प्रती ठरवून दिल्या. पहिल्या प्रतीत ओलावा १० टक्क्यांच्या आत आणि उष्मांक किलोला ४५०० किलोकॅलरींच्या वर हवा. तिसऱ्या प्रतीत ओलावा २० टक्क्यांपर्यंत चालतो, उष्मांक ३००० हवा. त्याखाली नुसता निवडून काढलेला जळाऊ सुका कचरा येतो. त्यात ३५ टक्क्यांपर्यंत ओलावा मान्य आहे, पण तो थेट भट्टीत टाकायचा नाही, आधी पुन्हा प्रक्रिया करायची. आता १५ टनांचा ट्रक धरा. ३५ टक्के ओलावा म्हणजे त्यात सव्वापाच टन पाणी. उन्हाळ्यात गावाला येणाऱ्या टँकरएवढं पाणी आपण डिझेल जाळून घाटावरून नेतो, आणि भट्टीत त्याची वाफ करायला वर कोळसा जाळतो.

पावसाळ्यात तर सगळंच बिघडतं. घंटागाडीतून उतरलेला कचरा उघड्या मैदानात पडला की कागद आणि कापड पाणी पितं. तेच मे महिन्यात भट्टीला चाललेलं असतं, जुलैमध्ये कारखान्याच्या प्रयोगशाळेत नापास होतं. प्रत्येक गाडीचा नमुना घेतला जातो, ओव्हनमध्ये वाळवून ओलावा काढला जातो, उष्मांक मोजला जातो. नापास झालेला ट्रक परत कुणी न्यायचा, यावरून होणारी वादावादी या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

ओलाव्यापेक्षा भट्टीवाल्यांना जास्त धास्ती क्लोरीनची. ते येतं पीव्हीसीतून, म्हणजे जुने पाइप, रेक्झिन, वायरींची वेष्टनं, फ्लेक्सचे फलक यांतून. पण ते उष्ट्या आमटीतून आणि लोणच्याच्या तेलातूनही येतं, कारण मीठ म्हणजे सोडियम क्लोराइडच. ज्वाळेजवळ हे क्षार वाफ होऊन वायूंबरोबर मनोऱ्यात चढतात, तिथे जरा थंड झाले की भिंतींना चिकटतात, खाली येणाऱ्या मालाबरोबर पुन्हा ज्वाळेकडे जातात आणि पुन्हा वर येतात. असं फिरत फिरत ते साठत जातात. चिकट थर वाढत जाऊन मनोऱ्याची नळी तुंबते, भट्टी थांबवावी लागते. ती तुंबी लांब सळयांनी किंवा हवेच्या दाबाने फोडणं हे सिमेंट कारखान्यातलं सर्वांत जोखमीचं काम. आठशे अंशांची भुकटी अचानक सुटली तर ती पाण्यासारखी वाहत येते, आणि अशा अपघातांत माणसं होरपळली आहेत. भट्टीतून क्षारयुक्त वायूचा थोडा भाग बाहेर काढून घेणारी बायपास यंत्रणा बसवता येते, पण ती महाग पडते, आणि तिच्यातून निघालेल्या खारट धुळीची वेगळी विल्हेवाट लावावी लागते. आपण उरलेला रस्सा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सुक्या डब्यात टाकतो, त्याचा शेवट एखाद्या कंत्राटी कामगाराच्या हातातल्या सळईपाशी होतो.

आता नकाशा. महाराष्ट्रात सिमेंटच्या गोण्या सगळीकडे भरल्या जातात, पण क्लिंकरच्या भट्ट्या जवळपास सगळ्या विदर्भात आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, उप्परवाही, गडचांदूर, आवारपूर, नारंडा, आणि शेजारच्या यवतमाळमध्ये मुकुटबन. चुनखडी तिथे आहे, कोळसाही तिथेच. पश्चिमेकडे सोलापूर, रत्नागिरी वगैरे ठिकाणी जे कारखाने दिसतात ते बाहेरून आलेलं क्लिंकर दळणारे आहेत, त्यांना भट्टी नाही. आणि कचरा कुठे आहे? मुंबई, ठाणे, पुण्यात. देवनारचा डेपो १९२७ पासूनचा. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा मुंबईवर धुराची चादर पसरली होती आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. पुण्याचा उरुळी देवाची-फुरसुंगीचा डेपो तिथल्या गावकऱ्यांनी किती वर्षं सोसला, ते पुणेकर जाणतात. मुंबईहून गडचांदूर आठशे किलोमीटरहून दूर. पुण्याहून सोलापूरमार्गे कर्नाटकातल्या वाडी-सेडमच्या भट्ट्या चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्याच जवळच्या. आरडीएफ इतकं हलकं असतं की मोकळं भरलं तर ट्रक आकाराने भरतो आणि वजनाने रिकामाच राहतो. म्हणून दाबून गठ्ठे बांधायचे, भट्टीपाशी ते पुन्हा सोडायचे आणि कातरायचे. एवढं करून पोचेपर्यंत त्या इंधनाची किंमत वाहतुकीनेच गिळलेली असते.

नागपूरचं गणित मात्र जुळण्यासारखं आहे. तिथल्या भांडेवाडी डेपोहून चंद्रपूरच्या भट्ट्या दोनशे किलोमीटरच्या टापूत येतात. रोज ५००० टन क्लिंकर करणारी एक भट्टी घ्या. एक किलो क्लिंकरला साधारण ७३० किलोकॅलरी लागतात. त्यातली १० टक्के उष्णता कचऱ्यातून द्यायची ठरवली, आणि इंधन तिसऱ्या प्रतीचं, म्हणजे ३००० किलोकॅलरींचं मिळालं, तर त्या एका भट्टीला रोज १२० टनांच्या आसपास आरडीएफ लागेल. शहराच्या एकूण कचऱ्यातून १५ टक्के आरडीएफ निघतं असं धरलं तर ८०० टन कचऱ्याचं शहर ती एकटी भट्टी सांभाळू शकते. म्हणजे भट्ट्यांची भूक कमी नाही. अडतं ते कोरड्या, स्वच्छ, बारा महिने एकसारख्या मालापाशी.

कायद्याने हे घडवून आणण्याचा प्रयत्न झाला नाही असं नाही. एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितलं की १५०० किलोकॅलरींहून अधिक उष्मांकाचा, पुनर्वापर न होणारा कचरा डेपोवर पुरायचा नाही, आणि आरडीएफ प्रकल्पापासून १०० किलोमीटरच्या आतल्या उद्योगांनी सहा महिन्यांत आपल्या इंधनाचा किमान ५ टक्के वाटा त्यातून भागवायचा. आता १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत हा वाटा सहा वर्षांत १५ टक्क्यांपर्यंत न्यायचा आहे, आणि घरातच कचऱ्याचे चार भाग करायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याजोगा. या दोन तरतुदींपैकी पहिलीचीच चर्चा अधिक होते, कारण ती कारखान्यांना लागू आहे. मला दुसरी महत्त्वाची वाटते. चार डब्यांशिवाय पंधरा टक्के गाठायचे तर ओला चिखल भट्टीत ढकलावा लागेल, नाहीतर कागदोपत्री आकडे भरावे लागतील.

जुन्या डेपोंच्या बाबतीत तर आणखी जपून बोलायला हवं. गेली काही वर्षं राज्यभर बायोमायनिंगची कामं चालू आहेत. डोंगर उकरायचा, चाळायचा, माती वेगळी, दगड-विटा वेगळ्या, आणि वर राहिलेलं प्लॅस्टिक-कापड सिमेंट कारखान्याला. ऐकायला सोपं. पण वीस वर्षं मातीत गाडलेली पिशवी चाळणीतून बाहेर येते तेव्हा तिच्या प्रत्येक घडीत माती भरलेली असते. तिचं वजन केलं तर निम्मं मातीचं असू शकतं, आणि माती जळत नाही. डेपोवर या मालाचे ढीग सिमेंट कारखान्याच्या नावाने बाजूला पडून राहतात, ताडपत्रीखाली, आणि उन्हाळ्यात तेच पेट घेतात. जमीन मोकळी झाल्याचे आकडे जाहीर होतात तेव्हा त्या ढिगांचं पुढे काय झालं, कोणत्या कारखान्याने किती टन घेतल्याच्या पावत्या आहेत, हे विचारायला हवं. काही ठिकाणी ते विचारलंही जातं.

या साखळीत माणसं कुठे आहेत? पट्ट्याजवळ. निवडणीच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी उभ्या असलेल्या बायका, डोक्याला रुमाल, हातात रबरी मोजे, समोरून सरकत जाणारा कचरा. यंत्र चुंबकाने लोखंड ओढून घेतं, पंख्याने हलकं-जड वेगळं करतं, पण पीव्हीसीचा तुकडा आणि पॉलिथिनचा तुकडा यांतला फरक बोटांनाच कळतो. दाबून पाहिलं की एक चुरचुरतं, दुसरं लिबलिबीत लागतं. भट्टीला क्लोरीन चालत नाही, हे सूत्र शेवटी या बोटांवर उभं आहे.

पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातूनच पुढे २००८ मध्ये कचरावेचकांची स्वतःची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेच्या करारावर घरोघरचा कचरा उचलू लागली. तिथल्या बायकांनी वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढण्याचा आग्रह धरला, म्हणजे हाताने निवडताना ते वेगळं ओळखू येईल. शहराच्या कचऱ्याचं वर्गीकरण काय चीज आहे, हे कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालापेक्षा त्या ठिपक्यातून मला अधिक नीट कळलं. आणि कचरावेचकांच्या संघटना भट्ट्यांकडे संशयाने पाहतात, त्यालाही कारण आहे. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, जाड प्लॅस्टिक यांचाच उष्मांक सर्वांत चांगला. टनावर पैसे मिळणाऱ्या कंत्राटदाराला हा माल निवडून भंगारात देण्यापेक्षा सरसकट कातरून भट्टीकडे लोटणं सोपं. मग पुन्हा वस्तू होऊ शकणारं प्लॅस्टिक जळतं आणि ते वेचून पोट भरणारी बाई रिकाम्या हाताने घरी जाते. ते थांबवायचं तर भट्टीत काय जायचं, ते वेचणाऱ्यांच्या हातून गेल्यानंतरच ठरलं पाहिजे.

मात्र एक गोष्ट अशी आहे की तिला वेचणारेही हात लावत नाहीत: बहुपदरी वेष्टनं. वेफर्स, शांपू, गुटखा, कॉफी यांच्या पुड्यांत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. भट्टीला हे चालतं. ॲल्युमिनियमही क्लिंकरमध्ये जातं. प्लॅस्टिक वापरणाऱ्या कंपन्यांवर २०२२ पासून विस्तारित उत्पादक जबाबदारीचे जे नियम बसले, त्यांत अशा वेष्टनांची विल्हेवाट सिमेंटच्या भट्टीत लावली तर ती हिशेबात धरली जाते. वाहतुकीचा खर्च कुणी करायचा, या प्रश्नाचं एक उत्तर यात आहे. पुडी बनवून विकणाऱ्याने करायचा. वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपालिकेने घरोघर वर्गीकरण बसवून दाखवलं, पण तिथून तिच्या पुड्या भट्टीपर्यंत नेण्याचं भाडं तिच्याच घरपट्टीतून का जावं?

उरतो भट्टीशेजारी राहणाऱ्यांचा प्रश्न, आणि तो सर्वांत कमी चर्चेत असतो. चंद्रपूर आधीच औष्णिक वीज केंद्र, कोळसाखाणी आणि सिमेंट यांच्या धुरात आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले अतिप्रदूषित औद्योगिक पट्टे ठरवले तेव्हा चंद्रपूर त्या यादीत अगदी वर होतं. अशा जिल्ह्यात मुंबई-पुण्याचा कचरा जाळायला पाठवायचा तर तिथल्या लोकांना विश्वासात घ्यावं लागेल. कचरा जाळणाऱ्या सिमेंट कारखान्यांसाठी २०१६ मध्ये केंद्राने कडक मर्यादा घातल्या. धूलिकण घनमीटरला ३० मिलिग्रॅम, हायड्रोजन क्लोराइड १० मिलिग्रॅम, पारा ०.०५ मिलिग्रॅम, डायॉक्सिन आणि फ्युरान ०.१ नॅनोग्रॅम. मर्यादा युरोपच्या तोडीच्या आहेत. पण धूळ चोवीस तास मोजली जाते, तर डायॉक्सिन वर्षातून एकदा. पारा तर जळून नष्टच होत नाही, वाफ होऊन चिमणीच्या वाटेला लागतो. म्हणून घरातला फुटका थर्मामीटर, ट्यूबलाइट, बटणासारखे सेल सुक्या डब्यात येताच कामा नयेत. चिमणीचे ऑनलाइन आकडे मंडळाच्या संगणकावर जातात. तेच आकडे गडचांदूरच्या बसस्थानकावर मराठीत झळकले तर कारखान्याचं काय जाणार आहे?

हवामानाच्या नावाने केला जाणारा दावाही तपासून घ्यावा. सिमेंटच्या कार्बनपैकी साठ टक्क्यांच्या आसपास चुनखडीतूनच सुटतो. भट्टीत कोळसा घाला की कचरा, तो सुटणारच. उरलेल्या चाळीस टक्क्यांत इंधन येतं. त्यात कोळशाच्या जागी प्लॅस्टिक आलं तरी प्लॅस्टिकही जमिनीतल्या तेलातूनच आलेलं आहे. खरी बचत होते ती कागद, सुती कापड, लाकूड यांच्या वाट्याची, न खणलेल्या कोळशाची, आणि डेपोवर कुजून सुटणारा मिथेन टळल्याची. ही बचत लहान नाही. पण ‘हरित सिमेंट’ असं गोणीवर छापण्याइतकी मोठीही नाही.

म्हणून नगरपालिकांच्या निविदा वाचाव्यात. आज बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराला पैसे उचललेल्या टनावर मिळतात. माल जितका ओला तितका जड, आणि जितका जड तितकं बिल मोठं. हाच व्यवहार कारखान्याच्या प्रयोगशाळेत मोजलेल्या उष्मांकावर ठेवता येतो: ओलाव्याची मर्यादा ओलांडली तर कपात, क्लोरीन वाढलं तर गाडी परत, आणि परतीचं भाडं कंत्राटदाराचं. साठवणीला छप्पर असलेली शेड बंधनकारक, निवडणीच्या पट्ट्यावर कचरावेचकांच्या संस्थेला पहिला हक्क, भंगारात जाणारं वेगळं झाल्याशिवाय कातरयंत्र चालू करायचं नाही. यातल्या एकाही अटीला नवं तंत्रज्ञान लागत नाही. पुढच्या वर्षीच्या निविदांचे मसुदे स्थायी समित्यांपुढे येतील, तेव्हा नगरसेवकांनी आणि आपणही त्यांत ओलाव्याचा रकाना आहे का, ते बघावं.